सतरा नंबरचं उत्तर

वळणवाडीच्या शाळेत टीव्ही आला तो बैलगाडीतून, गादीवर आडवा झोपून. गावातली बाळंतीण दवाखान्यातून घरी आणतानाही कुणी एवढं जपलं नसेल. हेडमास्तर मानसिंग गुरुजींनी त्याच्यापुढं नारळ फोडला, व्हीसीआरला हळदकुंकू वाहिलं, आणि दोन्ही वस्तू ऑफिसातल्या लोखंडी कपाटात बंद करून किल्ली बंडीच्या आतल्या खिशात घातली. पोरांचा हात लागून बिघडायला नको म्हणून पुढचा महिनाभर ते कपाट उघडलंच नाही.

हे १९९६ सालातलं. टीव्ही पाठवला होता सांगलीच्या एका बी.एड. कॉलेजातल्या राजेश्वरी मॅडमनी. त्यांचा शिक्षणातला प्रयोग चालला होता. प्रयोगाचं नाव भलंमोठं होतं, पण मतलब साधा होता. वळणवाडीच्या चौथीला दर आठवड्याला काही धडे कॅसेटवर दाखवायचे आणि तेच धडे बाईंनी वर्गात पुढं न्यायचे. सातारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका शाळेत मात्र नुसतं खडू-फळा-पुस्तक. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडं एकच चाचणी. पोरं स्वतःच्या डोक्यानं किती आणि काय विचार करतात, हे त्यात बघायचं. वळणवाडीची पोरं पुढं गेली तर टीव्ही आणि कॅसेटी कायमच्या शाळेला. नाही गेली तर जूनमध्ये सगळं उचलून दुसऱ्या गावाला.

चौथीच्या बाई होत्या दीपमाला वाघमारे. वय एकोणतीस, माहेर माधवनगर, वडील तिथल्या गिरणीत. पहिल्या चाचणीच्या दिवशी तिची मान खाली गेली होती. प्रश्न होता, ‘विटेचे सुचतील तेवढे उपयोग लिहा, वेळ दहा मिनिटं.’ वळणवाडी म्हणजे कृष्णेच्या काठचं गाव, नदीच्या अंगाला ओळीनं वीटभट्ट्या, निम्म्या वर्गाच्या घरात वीट हाच धंदा. तरी पोरांनी ‘घर बांधायला’ एवढं लिहिलं आणि हाताची घडी घालून बसली. एकानं तर बोट वर करून विचारलं, “बाई, दुसरं उत्तर पुस्तकात कुठल्या पानावर हाय?” राजेश्वरी मॅडम हसल्या नाहीत, आणि दीपमालाला तेच जास्त लागलं.

मग कपाट उघडलं आणि गुरुवारचा तास सुरू झाला. दुसऱ्याच गुरुवारी घोटाळा झाला. कॅसेटमधली मुलगी अडकलेला पतंग काढायला झाडावर चढली, फांदी करकरली, आणि लाईट गेली. चौतीस पोरांनी एकदम गळा काढला. दीपमालाला काही सुचेना, म्हणून ती आपली बोलून गेली, “मग सांगा, पुढं काय झालं असेल?”

कुणी तोंड उघडेना. शेवटी शिवतेज उठला. वर्गातलं सगळ्यात वांड कार्टं. “ती पडली आन् मेली,” म्हणाला. सगळे हसले. मागची एक मुलगी म्हणाली, मेली नाही, फांदीच खाली वाकली आणि तिनं तिला अलगद उतरवलं. तिसरा म्हणाला, वर माकडाचं बिऱ्हाड होतं. लाईट येईपर्यंत त्या मुलीची अकरा निरनिराळी आयुष्यं होऊन गेली होती. कॅसेट पुन्हा लागली आणि मुलीच्या बापानं शिडी आणली, तेव्हा पोरं नाराज झाली. “आमचंच चांगलं हुतं, बाई,” शिवतेज म्हणाला.

त्या दिवसापासून दीपमाला मुद्दाम मधेच कॅसेट बंद करू लागली. पोरांना त्याची इतकी चटक लागली, की गोष्ट रंगात आली की तीच ओरडायची, “बाई, लाईट घालवा!” मग सगळी फौज पटांगणात. चिखल, काड्या, चिंचोके, जे हाताला लागेल ते घेऊन पुढची गोष्ट करायची. मानसिंग गुरुजी व्हरांड्यातून बघत आणि कपाळावर हात मारत. ‘शाळा हाय का जत्रा?’ असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असे.

दीपमाला त्या एका तासासाठी आठवडा काढत होती. तिचं स्वतःचं शिक्षण असं झालंच नव्हतं. गिरणीतून आलेले वडील हातपाय धुवायचे, सगळे मिळून बुद्धवंदना म्हणायचे, आणि मग वडील तिचं पाठांतर घ्यायचे. ते स्वतः दुसरी शिकलेले. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ते एकेक अक्षर तपासत आणि एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या पाठांतरावर ती दहावी झाली, डी.एड. झाली, नोकरीला लागली. वडिलांचे उपकार ती विसरली नव्हती. पण आपल्याला कधी कुणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं नाही, हे तिला वर्गातल्या पोरांची तोंडं बघताना कळलं, आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं. या पोरांची उघडलेली तोंडं पुन्हा मिटू द्यायची नाहीत, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

फेब्रुवारीच्या तेरा तारखेला टपालाची कॅसेट होती. पत्र पेटीत पडलं, तिथं तिनं बटण दाबलं आणि विचारलं, “समजा, पोस्टमनच नाही. मग निरोप कसा पाठवाल?”

कबूतर झालं, नदीत सोडलेली बाटली झाली, एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचं झालं. मग मधल्या रांगेतून स्वप्ना उठली. भट्टीवरच्या सोपानची पोर. केसांत कायम विटेची लाल माती, आणि सबंध वर्षात जेमतेम चार वेळा बोललेली. ती म्हणाली, “बाई, इटंवर ल्ह्यायचं. वली आसती तवा काडीनं ल्ह्यायचं आन् मग भाजायची. ज्येच्या घराला ती जाईल त्येला आपली चिठ्ठी.”

“पण वीट भिंतीत बसली, वरून गिलावा झाला, तर कशी वाचणार?” दीपमालानं विचारलं.

“बसू द्या की. घर पडल्यावर वाचतील.”

  दीपमालाच्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांच्या पोरीनं शंभर वर्षांनी पोचणारी चिठ्ठी काढली होती, आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं, ती खाली बसून पेन्सिलला टोक करायला लागली. दीपमालानं ते उत्तर जसंच्या तसं त्या दिवसाच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या नोंदवहीत, लिहिलं, पुढं स्वप्नाचं नाव घातलं आणि खाली लाल रेघ मारली. शनिवारी मानसिंग गुरुजींनी रिवाजाप्रमाणे न वाचता त्यावर सही केली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मार्चमध्ये राजेश्वरी मॅडमचं कार्ड आलं. तीन एप्रिलला चाचणी, प्रश्न पहिलाच राहील, पोरांना आधी सांगू नये.

कार्ड वाचलं आणि दीपमालाचं चित्त उडालं. मानसिंग गुरुजींनी त्यात आणखी तेल ओतलं. “बाई, ती सातारकडची शाळा पाचगणीच्या रस्त्याला हाय म्हणं. तिथली पोरं मोठमोठ्या शाळांच्या वाऱ्यावर वाढल्याली. आपली भट्टीवरची. टीव्ही गेला तर सरपंच मला काय म्हणंल? पोरं ऐनवक्ताला गप बसली तर?”

ऐनवेळी गप्प बसली तर. हे वाक्य तिच्या डोक्यात शिरलं ते बाहेर निघेना. वर्गात पोरं हसतखेळत बोलतात, पण समोर कोरा कागद आला आणि शहरातली बाई घड्याळ घेऊन उभी राहिली की? पहिल्या वेळेला काय झालं होतं ते तिनं पाहिलं होतं. ती जेवायला बसायची आणि अर्ध्या भाकरीवरून उठायची. फळ्यावर गणित घालताना मधेच थांबायची. बसस्टँडवर एसटीची वाट बघताना एका जागी उभी राहवेना, इकडून तिकडं फेऱ्या मारायची. टीव्ही गेला की तास गेला, तास गेला की पोरं पुन्हा हाताची घडी घालून बसणार, असं तिला दिवसाढवळ्या दिसायला लागलं.

आणि जीव असा टांगणीला लागल्यावर माणूस जे करतं, तेच तिनं केलं. लहानपणापासून ज्याच्यावर भरवसा ठेवला होता त्या पाठांतराकडं वळली. वर्षभराची टाचणवही उघडून विटेचा उपयोग म्हणून चालेल असं पोरांनी जे जे सुचवलं होतं ते तिनं काढलं. चोवीस उत्तरं निघाली. बाहेरून तिनं एकही आणलं नाही, सगळी पोरांचीच. म्हणून तर यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. पोरांचंच पोरांना परत द्यायचं, त्यात काय बिघडलं?

सोमवारी चोवीसच्या चोवीस फळ्यावर उतरली. नवव्या नंबरला शिवतेजचं, ‘वर उभं राहून फोटोत उंच दिसायला’. सतराव्या नंबरला, ‘ओल्या विटेवर निरोप लिहून, भाजून पाठवायला’. “उतरवून घ्या आणि पाठ करा,” दीपमाला म्हणाली. सतरावं उत्तर आलं तेव्हा स्वप्नानं मान वर केली आणि पेन्सिल खाली ठेवली. दीपमालाला ते दिसलं.

“लिही गं,” ती म्हणाली.

स्वप्नानं लिहिलं. मग आठ दिवस सकाळ-दुपार घोकंपट्टी चालली. मानसिंग गुरुजी व्हरांड्यातून ऐकत आणि प्रथमच खूश होऊन मान डोलवत. त्यांच्या कानाला हीच खरी शाळा होती.

तीन एप्रिलला पोरांनी कमाल केली. राजेश्वरी मॅडमनी ‘सुरू’ म्हणायचा अवकाश, चौतीस माना खाली गेल्या. कागदावर पेन्सिलींची नुसती कुरकुर. दहा मिनिटांत एकाचंही पान रिकामं राहिलं नाही. मॅडमचा चेहरा असा उजळला, की जाताना त्यांनी दीपमालाचे दोन्ही हात हातात घेतले. दीपमाला त्या दिवशी पोटभर जेवली.

बरोबर आठव्या दिवशी, गुरुवारी, मॅडम पुन्हा आल्या. यायचं ठरलेलं नव्हतं. सकाळची शाळा होती. त्या ऑफिसात टेकल्या नाहीत, चहा नको म्हणाल्या, गठ्ठा काखेत घेऊन सरळ चौथीच्या वर्गात शिरल्या. मागोमाग मानसिंग गुरुजी.

“उत्तरं भरपूर आहेत,” मॅडम म्हणाल्या, “सातारच्या शाळेच्या चौपट. पण बाई, यात दोन प्रकारचे गुण असतात. किती सुचलं त्याचे वेगळे, आणि किती निराळं सुचलं त्याचे वेगळे. जे उत्तर पुष्कळ मुलं लिहितात, त्याला निराळेपणाचा गुण नाही. एखाद्यालाच सुचलं, तर पूर्ण गुण. तुमच्या चौतीस मुलांना निराळेपणात मिळून शून्य आहे.”

दीपमालाला पहिल्यांदा कळलंच नाही. मॅडमनी वरचा कागद काढून वाचला. “हे बघा, सतरावं. ओल्या विटेवर निरोप लिहून पाठवायला. दोन्ही शाळांत मिळून इतकं सुंदर उत्तर दुसरं नाही. एकाच मुलानं लिहिलं असतं तर मी ते डोक्यावर घेऊन नाचले असते. पण हे चौतीस जणांनी लिहिलंय, आणि सगळ्यांनी सतराव्या नंबरलाच.” त्यांनी वर्गाकडं पाहिलं. “हे झालं कसं? आधी कुणाला सुचलं हे?”

पोरांनी दीपमालाकडं पाहिलं. आता बोलायचं, असं दीपमाला मनात म्हणाली.  तेवढ्यात मानसिंग गुरुजी पुढं झाले.

“मॅडम, खेड्यातली पोरं. येकमेकाचं बघून ल्हित्यात. दाटीवाटीनं बसवल्याली. येकानं ल्हिलं की दुसरा बघतो, दुसऱ्याचं तिसरा. आमी वरडून दमलो.”

“म्हणजे कॉपी?” मॅडमचा आवाज उतरला. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या हिरमुसल्या. “मुलांनो, दुसऱ्याचं बघून लिहिलेलं आपलं नसतं. वाईट वाटलं मला.” मग थोडा विचार करून म्हणाल्या, “शनिवारी मी परत येते. वेगळी वस्तू देईन आणि सगळ्यांना लांब लांब बसवीन. बाई, प्रयोग असा वाया जाऊ द्यायचा नाही. टीव्हीचं काय ते शनिवारी ठरवू.”

दीपमालाला क्षणभर वाचल्यासारखं वाटलं. आणखी एक संधी मिळाली होती. मग तिची नजर मधल्या रांगेत गेली. स्वप्ना बाकावरच्या स्वतःच्या हातांकडं बघत होती. तिनं वर पाहिलं नाही. दीपमालानं ‘या मुलांनी कॉपी केली नाही’ एवढं पाच शब्दांचं वाक्य तोंडात धरून ठेवलं, आणि मॅडम एसटीला गेल्या तरी ते बाहेर पडलं नाही.

शुक्रवारी स्वप्ना शाळेत आली नाही.

हजेरी घेताना दीपमालानं तिचं नाव दोनदा घेतलं. त्या सकाळी तिनं काय शिकवलं ते तिलाच सांगता आलं नसतं. फळा पुसला, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा पुसला. शिवतेज म्हणाला, “बाई, तुमचं लक्ष न्हाई.” एरवी तिनं त्याचा कान पिळला असता. शाळा सुटल्यावर पोरं पांगली, तरी ती वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. उद्या पोरांनी चांगलं लिहिलं तर सगळं झाकलं जाईल, असं एक मन म्हणत होतं. झाकलं जाईल म्हणूनच तर तुला हवंय, असं दुसरं. शेवटी तिनं टाचणवही पर्समध्ये कोंबली, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात भट्टीची वाट धरली.

सोपान वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलथत होता. बाईंना बघून तो गडबडला, हात धोतराला पुसले, सावलीत एक पोतं झटकून टाकलं. “बसा, बाई. पानी आनू का?”

“नको, सोपानदादा. स्वप्ना का आली नाही?”

 सोपान खाली बघत म्हणाला, “आवं बाई, पोरगी कालपास्नं बोलंना. कशीबशी येवढंच म्हनली, मॅडम म्हनल्या, आमी कॉपी केली. मी आडाणी मानूस. मला सांगा, केली का वो तिनं कॉपी? केली आसंल तर मी तिला चार शब्द सांगतो. तुमी म्हनाल ते खरं.”

तुमी म्हनाल ते खरं. दीपमालाला तो घाव सोसेना. भांडायला आला असता तर परवडलं असतं.

“नाही केली,” ती म्हणाली. “ते उत्तर तिचंच होतं, सगळ्यात आधी तिलाच सुचलं. मी ते तिच्याकडून घेतलं आणि सगळ्या वर्गाला पाठ करायला दिलं. काल मॅडमपुढं मी गप्प बसले. कॉपी कुणी केली असेल तर मी केली.”

सोपानला सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्यानं वाकून एक वीट उलथली. मग म्हणाला, “मंग ह्ये तिला सांगा की. मला सांगून काय उपेग?”

स्वप्ना खोपटात होती. दारावर फाटकं गोणपाट होतं. दीपमाला बाहेर उभी राहून तेच सगळं पुन्हा बोलली. मुलांपुढं माफी मागायची सवय नसलेला माणूस जसा बोलतो तशी, अडखळत, मधेच रागावल्यासारखी.  “उद्या ये,” ती शेवटी म्हणाली. “मी मॅडमना सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू असायला हवीस.” गोणपाट हललं नाही.

शनिवारी स्वप्ना आली. केस तेल लावून चापून बसवलेले, वेणीला रिबीन. बहुधा सोपाननं स्वतः घातली असावी, कारण वेणी एका बाजूला गेली होती.

मॅडमनी कागद वाटायच्या आधीच दीपमाला उठली. हातात टाचणवही होती. तिनं तेरा फेब्रुवारीचं पान उघडून मॅडमपुढं ठेवलं. मग पोरांकडं तोंड करून सांगितलं. चोवीस उत्तरं मी फळ्यावर लिहिली, मी पाठ करून घेतली, या मुलांनी कुणाचं बघून लिहिलं नाही. सतरा नंबरचं उत्तर स्वप्नाचं, ही तारीख, ही गुरुजींची सही.

मानसिंग गुरुजी दाराशी उभे होते. “बाई, आवो काय बोलताय ह्ये!” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि पुढं येऊन आपल्याच सहीकडं ते जन्मात पहिल्यांदा वाचल्यासारखं बघत राहिले.

राजेश्वरी मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बाई, हे तुम्ही परवा सांगायला हवं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आता तुमच्या शाळेचे आकडे मला धरता येणार नाहीत. उत्तरं आधीच शिकवलेली शाळा प्रयोगातून बाद होते. टीव्ही जूनमध्ये न्यावा लागेल. माझ्या हातात नाही ते.”

“न्या,” दीपमाला म्हणाली. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. 

“बाई, टीव्ही जानार?” शिवतेजनं विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत वांड शिवतेज सगळ्या वर्गादेखत रडायला लागला.

मॅडमनी पर्स उचलली, पण त्या गेल्या नाहीत. थोडा वेळ पोरांकडं बघत उभ्या राहिल्या. “कागद आणलेच आहेत,” त्या म्हणाल्या. “गुणबिण नाहीत. मला नुसतं बघायचंय. लिहाल? दोरीचे उपयोग. वेळ हवा तेवढा.”

पोरं पटांगणात, व्हरांड्यात, चिंचेखाली लांब लांब बसली. कुणाची पेन्सिल लगेच चालू लागली, कुणी आभाळाकडं बघत बसलं. दीपमाला फिरत राहिली. एका जागी थांबणं तिला जमतच नव्हतं. शिवतेज डोळे पुसत लिहीत होता. ‘पळून गेलेला टीव्ही बांधून ठेवायला.’ ती हसली आणि तिला भडभडून आलं. कोणतंही उत्तर कुठंही उतरवून घ्यायचं नाही, अशी तिनं मनात शपथ घेतली.

स्वप्ना चिंचेखाली पाठमोरी बसली होती. भराभर लिहीत होती. थांबत होती, खुदकन हसत होती, पुन्हा लिहीत होती. म्हणजे पोरीचं तोंड मिटलं असलं तरी डोकं मिटलेलं नव्हतं. दीपमालाचा जीव भांड्यात पडला. ती न राहवून पुढं झाली, अगदी पाठीमागं जाऊन वाकली.

सावली कागदावर पडली तशी स्वप्नानं दोन्ही हात पसरून कागद झाकला.

“दाखव की गं,” दीपमाला म्हणाली. “गुण नाहीयेत. मला नुसतं वाचायचंय. काय लिहिलंस?”

स्वप्नानं मान हलवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपली वस्तू कुठं ठेवायची ते आता तिला कळलं होतं, एवढंच.

“नगं, बाई,” ती म्हणाली. “तुमाला सांगितलं की तुमी सगळ्यास्नी द्येता.”

तिनं कागदाची चौपदरी घडी घातली, उठली, आणि दीपमालाच्या बाजूनं निघून जाऊन ती मॅडमच्या हातात दिली.